भावंडांचा रकाना

अर्ज भरता भरता एलाचं पेन ‘या कुटुंबाशी नातं’ या रकान्यापाशी थांबलं. मग तिनं लिहिलं : ओळखीच्यांसाठी.

एंगेल्स शहराच्या अभिलेखागारातल्या लिडिया कार्लोव्हनानं चष्म्यावरून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि १८५७ च्या जनगणनेचं बाड पुढ्यात ओढलं. व्होल्गाकाठच्या जर्मन वसाहतींची ती जुनी अक्षरं आता तिच्याइतकी झरझर कुणाला वाचता येत नव्हती.

“घर सदतीस. योहान हेर्गर्ट, वय बावन्न. बायको कातारिना. मुलगे चार.” बोट खाली सरकलं. “धाकटा आंद्रेआस, वय तीन. हाच का हवा होता?”

“हाच. बाबांचे आ...” एलानं जीभ चावली. “त्यांच्या बाबांचे आजोबा. ओळखीच्यांच्या.”

“नशीबवान हो तुमचे ओळखीचे. सख्ख्यांसाठीसुद्धा कुणी पलीकडच्या काठावरून एवढी व्होल्गा ओलांडून येत नाही.”

एलाचे कान तापले.

ओळखीचे म्हणजे वोल्देमार, तिचा सख्खा थोरला भाऊ. कझाकस्तानातल्या कारागंडाच्या खाणीत फुप्फुसं गमावून बसलेला, बासष्ट वर्षांचा. आता मुलांसोबत जर्मनीला निघाला होता आणि आपण जर्मन आहोत हे दाखवायला त्याला वंशाचे कागद हवे होते. तसं पत्र त्यानं एलाच्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवलं होतं. घरच्या पत्त्यावर लिहायचं नाही, हे तीस वर्षांपूर्वीच ठरलेलं.

एक्केचाळीस साली, युद्धात, शत्रूचे हस्तक ठरवून इथल्या सगळ्या जर्मनांना मालगाड्यांत कोंबून कझाकस्तानात नेलं, तेव्हा ती जेमतेम वर्षाची होती. बाप पुढे उरलच्या जंगलात, सक्तीच्या लाकूडतोडीत उपाशी मेला. आई रशियन, म्हणून सोळाव्या वर्षी एलाला पासपोर्टवर ‘रशियन’ लिहून घेता आलं. वैद्यकीयच्या अर्जात तिनं आणखी एक ओळ घातली : वडील आघाडीवर कामी आले. त्या ओळीवर ती डॉक्टर झाली, लग्न झालं, मुलगी झाली. दर नऊ मेला, विजयदिनी, छोटी झोया शूर आजोबांसाठी स्मारकावर फुलं ठेवायची. फुलं एलाच निवडून द्यायची.

रविवारी दुपारी झोया बाजारात गेल्यावर तिनं कारागंडाला फोन लावला.

“सापडलं, वोल्देमार. घर सदतीस.”

“सापडलं?” खोकल्याची लांबलचक उबळ आली. “आजी त्या घराबद्दल खोटं बोलत नव्हती तर! मला वाटायचं, म्हातारी थापा मारते.”

दोघं हसली. मग एलाला राहवलं नाही. आजीच्या त्या खेडवळ जर्मनमध्येच तिनं सगळं सांगून टाकलं. आघाडीची ओळ, फुलं, सगळं.



“ठाऊक आहे गं,” वोल्देमार म्हणाला. “सत्तावन्न साली तुझ्या कॉलेजाकडून चौकशी आली होती. आई तापानं पडलेली. तिच्याऐवजी मला कचेरीत बोलावलं. ‘बाप आघाडीवर मेला, हे खरं का?’ मी म्हटलं, खरं. सही ठोकली.”

“तू? सापडला असतास तर?”

“नाही ना सापडलो. आता ऐक. या जर्मनीच्या फॉर्मात भावंडांचा रकाना आहे. तिथं मी ‘नाही’ लिहिलंय. तुझं नाव घातलं तर बापाचं नावही तुझ्या नावापुढे येतं. उगाच कुणी उकरत बसायला नको. वाईट वाटून घेऊ नकोस हं.”

 माफी खरं तर एलानं मागायची होती, आणि मागत तोच होता.

“फॉर्म पाठवलास?”

“उद्या टाकणार.”

“मग खोड ते. माझं नाव घाल. एला हेर्गर्ट.”

“वेडी आहेस का? आणि तुझ्या लेकीला काय सांगशील?”

मागे काहीतरी खसखसलं. एला वळली. भाजीची पिशवी पोटाशी धरून झोया दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

“आई, ही कुठली भाषा?” तिनं विचारलं. “आणि कोण आहे फोनवर?”

खोट्याची एलाला सवय होती. या वेळीही एक उत्तर जिभेवर तयार होतं. ते तिनं गिळलं आणि रिसीव्हर पुढे केला.

“तुझा मामा,” ती म्हणाली.

झोयानं पिशवी खाली ठेवली. पण हात काही पुढे केला नाही. आईकडे ती नुसती बघत राहिली, आणि पलीकडून वोल्देमार पुन्हा पुन्हा विचारत होता, “एला? एला, आहेस ना?”