शकूमावशीची पैठणी आणि कुंकू लावलेलं पाकीट

"लोकांची साडी आपल्या कपाटात आली म्हणून आपली होत नाही, विनिता. हात धुऊन तिला हात लावायचा, आणि आपली म्हणून कुठे लिहायची नाही."

असं बजावणाऱ्या परशुराममामंजींना जाऊन नऊ वर्षं झाली, पण टेंभी नाक्यामागच्या गल्लीतल्या त्या साडी-पॉलिशच्या दुकानात विनिता अजून सासऱ्यांच्याच शिस्तीत वागे. सकाळी दिवा, पोथीचा एक अध्याय, मग हात धुऊन पहिली साडी. अध्याय संपेपर्यंत गिऱ्हाइकानं कितीही घाई केली तरी ती नुसती हसून स्टूल पुढे करायची. नेहमीच्या बायका तेवढ्या वेळात एकमेकींच्या सुनांचा समाचार घेऊन मोकळ्या होत.

चार वर्षांपूर्वी कमलेश नावाचा विमा एजंट दुकानाची पॉलिसी काढायला आला, तेव्हाही तिला मामंजींचं बोलणं आठवलं होतं.

"वहिनी, दुकानात माल किती असतो? साड्यांसकट सांगा," तो फॉर्म भरत म्हणाला.

"साड्या माझ्या कुठे आहेत, भाऊ? पॉलिशचं मशीन, दोन शिलाई मशीन, फॉलचे गठ्ठे, कपाट. एवढंच लिहा."

"अहो, पण दुकानात असतात ना त्या."

"म्हणून माझ्या म्हणून लिहू? नको. मला पाप लावू नका."

कमलेशला अजून तीन दुकानं उरकायची होती. त्यानं सांगितलं तेवढंच लिहिलं. पॉलिसी आली ती पाकिटासकट विनितानं देवाच्या फळीवर, लक्ष्मीच्या तसबिरीमागे ठेवली. दर वर्षी हप्ता वेळेवर, आणि दसऱ्याला मशीनबरोबर पाकिटालाही हळदकुंकू. उघडून मात्र कधी पाहिलं नाही.

मग लग्नसराईच्या तोंडावर, एका रविवारी, वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी दिवसभर वाहत राहिली. सोमवारी शटर वर केलं तर पॉलिशचं मशीन न्हालेलं, आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातल्या आठ साड्या ओल्याचिंब. सात साड्या तिनं निगुतीनं वाळवल्या, त्या वाचल्या. आठवी वाचली नाही. घोडबंदर रोडच्या शकूमावशींची जांभळी पैठणी. काठाचा रंग उतरून पदरावरच्या मोरांवर गेला होता, आणि मोर आजारी दिसत होते. बारा दिवसांनी त्यांच्या नातीचं लग्न होतं.

तरी विनिताचा जीव बराचसा थाऱ्यावर होता. विमा होता ना.

दोन दिवसांनी कंपनीकडून पाहणीला दर्शना आली, जेमतेम तिशीची मुलगी. पाकिटावरचं कुंकू पाहून तिनं आधी पायातल्या चपला काढल्या आणि मग पानं उलटली.

"टाकी वाहून झालेलं नुकसान यात आहे, काकू. मशीनचं मिळेल. फॉलचे गठ्ठे, तेही मिळतील."

"आणि पैठणी?"

"पैठणी यात नाही."

"पाणी तर तेच होतं, बाळा."

"पाणी आहे हो, साडीच नाही." दर्शनालाच कसंसं झालं. "गिऱ्हाइकांनी सांभाळायला दिलेला माल वेगळा लिहावा लागतो. तुमचा म्हणून नाही. दुसऱ्यांचा, तुमच्या ताब्यातला, असा. आणि लग्नसराईत जास्तीत जास्त किती किमतीच्या साड्या जमतात, तो आकडा धरून."

"असं लिहिता येतं?"

"येतं की. हप्ता थोडा वाढतो, बस."

विनिता स्टुलावर बसली. खोटं नको म्हणून तिनं जे लिहूच दिलं नव्हतं, ते खरं खरं लिहायची सोय होती, आणि चार वर्षं ती त्या पाकिटाला नमस्कार करत आली होती.

त्या संध्याकाळी पैठणीची घडी घालताना तिच्या लक्षात आलं, की पदर जरा चोपून चुण्यांत घेतला तर डाग झाकला जाईल. लग्नाच्या गर्दीत कोण बघतंय? तिनं पदर तसा चोपून घडी घालूनही पाहिली. मग तिनं पैठणी पुन्हा उलगडली, डाग वर येईल अशी ठेवली आणि मावशींना फोन केला.

शकूमावशी दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर झाल्या, नेमक्या पोथीच्या वेळी. मूळची मिठागरावरची माणसं, आता गावच्या जमिनीवर स्वतःचा लग्नाचा हॉल. अध्याय संपेस्तोवर त्या गप्प बसल्या, हेच नवल.

"कशाला गो तोंड बारीक केलंस?" विनितानं पोथी मिटताच त्या म्हणाल्या. "दाखव आथा."

विनितानं डाग दाखवला आणि सगळं सांगितलं. विमा, फॉर्म, काहीही न लपवता.

"म्हंजे तुजी मशीन न्हाली तं पैसे," मावशी सावकाश म्हणाल्या, "न माजी साडी न्हाली तं नुसती आंघोल?"

विनिताला हसू आलं आणि डोळेही भरले. "विणकराकडून नवा पदर जोडून आणते, मावशी. खर्च माझा. पण लग्नापर्यंत होणार नाही."

"ते तू करशीलच, मना ठाव हाय. लग्नाला हिरवी नेसन मी. तिलाबी कवा हवा लागाची?" मावशींनी स्टूल जवळ ओढलं. "आथा माजा आयक. माज्या हॉलची पॉलिसी हाय, तांदलाच्या डब्यात. पोरगा बोलतो सगला कव्हर हाय, आये. न हॉलमधी माजा हाय तरी काय? भिंती न पंखे. खुर्च्या भाड्याच्या, टोप केटररचं, फुलांच्या कमानी डेकोरेशनवाल्याच्या."

विनितानं मान वर केली.

"नातीच्या लग्नाला ह्यो सगला पसारा तिथंच असनार," मावशी म्हणाल्या. "कुनी वाचलाच नाय तो कागूद. तू ये न वाच. लग्नाआधी."

"मला तरी कुठे कळतंय, मावशी? माझाच मी वाचला नव्हता."

"म्हून तं तू वाचशील. पोरगा नुसता मान डोलवतो. येशील क नाय?"

"येईन," विनिता म्हणाली. "रविवारी."

शनिवारी तिच्या बोलावण्यावरून कमलेश आला. ह्या वेळी विनितानं त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि फॉर्ममधल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारलं, "ह्याचा अर्थ काय, भाऊ?" त्याची पुढची तीन दुकानं त्या दिवशी राहिली. गिऱ्हाइकांच्या साड्या लिहिल्या गेल्या, दुसऱ्यांच्या म्हणून, भर लग्नसराईच्या आकड्यानं. जाताना तो म्हणाला, "वहिनी, तुमच्यासारखी चार गिऱ्हाइकं भेटली तर मला धंदा बदलावा लागेल."

"चहा अजून घेता का?" विनितानं विचारलं.

रविवारी दुकान बंद होतं. तिनं पहाटे अध्याय वाचला, घरच्यांचा डबा करून ठेवला. कापडी पिशवीत चष्मा, पेन्सिल आणि पॉलिसी वाचताना विचारायचे म्हणून दर्शनानं कागदावर लिहून दिलेले पाच प्रश्न टाकले. घोडबंदरला रविवारीही गाड्यांची रांग लागते, म्हणून ती वेळेआधीच निघाली. दार आवाज न करता ओढून घेतलं आणि बसच्या थांब्याकडे चालू लागली.