लालसिंगचा नारळ

पहिली बोअर फेल गेली. पाइपातून दुपारभर नुसती भुकटी उडाली आणि साऱ्या तांड्याच्या केसांवर बसली. जागा ममतानं दाखवली होती. यवतमाळच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारी ही तांड्यातलीच पोरगी. जमिनीत सळया ठोकून, यंत्र लावून तिनं सगळं शिवार तपासलं होतं.

"मी चुकले," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "खालच्या दगडात भेगा असतील असं वाटलं होतं. नाहीत."

एवढं निमित्त पुरलं.

"पाहा, सोताच्याच तोंडानं कबूल करून राह्यली!" तांड्याचा नाईक लखीराम हसला. "कॉलेजात पगार कायचा घेतं व माय?"

ममताच्या डोक्यात तिडीक गेली. तिचा बाप लालसिंग तळहातावर नारळ आडवा ठेवून पाणी पाहायचा. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो, म्हणे. त्याच्याही जागा कोरड्या गेल्या होत्या. पण तेव्हा कधी बोअरच्या गाडीवाल्यानं तिरपं खोदलं, कधी कुणी चप्पल घालून आडवं गेलं. नारळ चुकला असं एकाच्याही तोंडून आलं नाही. चूक कबूल करणारं शास्त्र खोटं, आणि कधी चुकतच नाही तो नारळ खरा!

मंजुरी दोनच बोअरची होती. दुसरीही गेली तर उन्हाळाभर टँकरची वाट पाहायची. नाईकानं लालसिंगच्या हाती नारळ दिला. बांधाजवळ तळहातावरचा नारळ उभा राहिला. लोकांनी टाळ्या पिटल्या, तिथं चुन्याची खूण केली. बोअरची गाडी मागं सरकत खुणेपाशी आली, तर खुणेवर ममता उभी.

"बाजूले हो," लालसिंग म्हणाला.

"होते. पयले सांगा बा, पाणी नाही लागलं तं कोन चुकलं?"

"लागते पाणी."

"ते नाही इचारून राह्यली मी. नाही लागलं तं?"

"चार मान्सात बापाले असं बोलते काय?" आई चंदाबाई ओरडली.

"मंग कोनाले बोलू? नारळाले?"

नाईक पुढं झाला. "पोरीनं खूण तुडवली. आता पाणी सरकलं तं हिच्याच पायी, सांगून ठेवतो."

"आयका बा! खड्डा खंदला नाही अजून, अन् कारण तयार!"

लालसिंगच्या कपाळाची शीर फुगली. त्यानं नाईकाकडे पाहिलं, मग हातातला नारळ दाणकन खाली आपटला.

"तं मी चुकलो म्हनीन! माहा नारळ चुकला म्हनीन! झालं तुह्या मनासारखं? हो आता बाजूले!"

ममता बाजूला झाली. गाडी सुरू झाली आणि कुणाचं कुणाला ऐकू येईना. बाप-लेक भुकटीत उभे राहून पाइपाच्या तोंडाकडे पाहत होते, एकमेकांकडे मात्र नाही.