गंधपुऱ्याचा शेक

सुगंधाबाईच्या मांडीवर पाच बोटं उठली होती. निळीकाळी, कुणी जीव खाऊन दाबल्यासारखी. लुगडं सावरताना ती नवऱ्याच्या, बिरूच्या नजरेला पडली.

"माधवे!" त्यानं सुनेला हाक दिली. "नवरा मेंढरं घेऊन रानात, अन् तू म्हातारीला मारायलीस व्हय?"

माधवीच्या हातातलं पातेलं खाली पडलं. "मामा, काय बोलायलात?"

"मंग ही बोटं काय भुतानं उठवली?"

"गप बसा वो," सुगंधाबाई म्हणाली, "लय माया हाय तिच्या हातात. पाय चोळती माझे..." बोलता बोलता तिच्या हिरड्यांतून रक्त आलं. चूळ भरली, लाल. दुसरी भरली, तीही लालच.

महिन्यामागं ताडकळसच्या बाजारातून माधवीनंच ती बाटली आणली होती. गंधपुऱ्याचं तेल. पेपरमिंटच्या गोळीवाणी गोड, गार वास. आत्याबाईचे गुडघे सुजले, की दिवसातून तीनदा ती ते मांडीपासून घोट्यापर्यंत जिरवायची. वर तापल्या विटेचा शेक द्यायची, घोंगडी घट्ट गुंडाळायची. हात चालायचे तशी ओवीही चालायची:

मेंढरांच्या मागं बाई, आत्या माझी गं चालली
तिच्या दमल्या पायाला, माझ्या हाताची सावली

आणि आता त्याच पायांवर तिचीच बोटं.

जीप परभणीच्या दवाखान्याकडं निघाली. सुगंधाबाईचं डोकं माधवीच्या मांडीवर, अन् पदराचा बोळा तोंडाशी. बिरू मागं वळून सारखा सुनेच्या हातांकडं बघत होता.

डॉक्टरांनी डाग पाहिले, छातीवरचा ऑपरेशनचा जुना व्रण पाहिला, रक्त तपासलं. "हृदयाची झडप बदललीय ना? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे?"

"रोज देते. एकदाबी चुकवली न्हाई," माधवी म्हणाली.

"अंगाला काही लावता?"

तिनं पिशवीतून बाटली काढली. डॉक्टरांनी लेबल वाचलं अन् खुर्चीतून उठलेच.

"विंटरग्रीन! अहो, ॲस्पिरिनच्या जातीचं औषध आहे यात, तेही जालीम. कातडीतून रक्तात जातं. दुखऱ्या जागी थोडं, पातळ करून लावलं तर एरवी चालतं. पण या गोळीबरोबर अजिबात नाही. त्यात तुम्ही शेक दिला, गुंडाळून ठेवलं. कातडीनं दुप्पट प्यालं. रक्त गोठायचंच थांबलंय. नुसतं बोट दाबलं तरी आत रक्त साकळतं. घरात लहान पोर आहे का? चमचाभर पोटात गेलं तरी जीव जाईल."

माधवीनं मनात हिशेब केला. महिनाभर. दिवसातून तीनदा.

बिरूनं पटका काढून हातात घेतला. "चुकलं माझं, पोरी. तू मारलं न्हाईस."

"मारलं न्हाई," ती म्हणाली. "पन हात माझाच व्हता, मामा."

सलाईन सुरू झालं. इंजेक्शन दिलं. वेळेवर आणलंत, पण उद्यापर्यंत काही सांगता यायचं नाही, असं म्हणून डॉक्टर गेले. खाटेवर सुगंधाबाईला ग्लानी आली होती. पाय उघडे पडले होते.

"बाई, चादर घाला त्यांच्या पायांवर," नर्स म्हणाली.

माधवी वाकली. चादरीच्या टोकापाशी हात गेला, अन् तिथंच अडला. निळ्या डागांपासून वीतभर दूर.

"सिस्टर," ती म्हणाली, "तुमीच घाला."