फाटक कुणावर ओरडलं

आमच्या कचरा-डेपोच्या फाटकाला नाक आहे, असं मी म्हणते. दोन्ही खांबांत किरणोत्सर्ग ओळखणारी यंत्रं आहेत, आणि गॅसच्या विहिरींचा गाळ आणणारा प्रत्येक ट्रक त्यांच्यामधूनच वजनकाट्यावर येतो. खडक फोडायला खाली सोडलेलं पाणी वर येताना रेडियम घेऊन येतं, आणि ते गाळात बसतं. फाटकाला वास आला की ते बोंबलतं आणि मी कॉफी टाकून काट्याच्या खोलीतून धावते.

मंगळवारी ते वर्न हर्बाकवर बोंबललं.

वर्न हसतच उतरला. "डॉटी, मला बघून वाजली गं तुझी घंटा!"

"मेल्या, आधी ट्रकपासून लांब हो."

"अगं, खरंच मीच असेन. परवा हृदयाची तपासणी केली ना, शिरेतून कसलं तरी किरणांचं औषध घातलं. डॉक्टर म्हणाला, एक दिवस बाळाला जवळ घेऊ नका." त्याचं हसू मावळलं. "मी भीतीनं दोन दिवस घेतलं नाही. अजून आहे का गं माझ्यात?"

त्याची मुलगी चार महिन्यांची. तिचे फोटो दाखवल्याशिवाय तो काट्यावरून हलत नाही.

खरं तर ट्रक बाजूला लावून वर कळवायचं, एवढंच माझं काम. पण मला भारी चौकशा. "चल, बघूच तू की गाळ," मी म्हटलं.

ट्रक लांब मागे घेतला आणि आधी वर्न एकटा फाटकातून चालत आला, टोपी हातात धरून, चर्चमध्ये शिरावं तसा. फाटक गप्प. तो मागे गेला, पुन्हा आला. गप्पच.

"आज घेतो तिला!" तो ओरडला आणि त्यानं मला मिठीच मारली. मलाही फार बरं वाटलं.

मग आमच्या लोनीनं ट्रक आत आणला. मोजमापाचं काम त्याचं. फाटक पुन्हा कोकललं.

"म्हणजे गाळच," वर्न म्हणाला. "कंपनी घेईल बघून."

लोनी हातातलं मीटर घेऊन ट्रकभोवती फिरला. "छे. गाळ मर्यादेच्या आत आहे."

"मग हे ओरडतंय कशाला?" मला काही चैन पडेना. "केबिन बघ रे."

सीटच्या मागे मीटर मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसं तडतडायला लागलं. तिथे काळ्या पिशवीत एक बोचकं होतं. लोनीनं ते लांब नेऊन ठेवलं आणि ट्रक परत फाटकातून काढला. फाटक गप्प.

"माझे कामाचे कपडे आहेत, एरवी माझ्या गाडीत ठेवतो," वर्न म्हणाला. "विहिरींवरच्या टाक्यांच्या तळाचा गाळ आम्हीच खरवडतो ना. तिकडे धुवायची सोय नाही. घरी नेतो, माझी बायको क्रिस्टी धुते."

"इथेच टाक ते!" मी म्हटलं.

"इथे नाही चालणार," लोनी म्हणाला. "मर्यादेच्या वर आहे. राज्याची परवानगी लागेल."

"आणि घरी न्यायला?"

लोनीनं मान खाजवली. "आपल्या नियमांत गाळाचं आहे, ट्रकचं आहे. कपड्यांचं काहीच नाही."

माझं डोकंच फिरलं. आसपासच्या सगळ्या गावांची घाण आम्ही या टेकडीत पुरतो, आणि टेकडीला न चालणारं ते बोचकं वर्नच्या घरी रोज जात होतं.

वर्ननं फोन लावला. मी तो त्याच्या हातातून घेऊन आवाज मोठा केला.

"क्रिस्टी, बाळाचे कपडे कशात धुतेस गं?"

"कशात म्हणजे? मशीनमध्ये. तुझ्याच कपड्यांबरोबर टाकते, वेगळं पाणी कोण घालवणार? का रे? आज घेणार ना तिला? वाट बघतेय ती."

"तो येतोच आहे," मीच सांगितलं आणि फोन ठेवला.

"लोनी," वर्न हळूच म्हणाला, "ते मीटर आजच्यापुरतं घरी न्यायला देतोस?"

"नाही रे. फाटकाबाहेर न्यायचं नाही, नियम आहे."

हा नियम मात्र लिहिलेला होता, मोठ्या अक्षरांत, माझ्याच खोलीच्या दारावर. मी लोनीच्या हातातलं मीटर काढून घेतलं. "त्या बोचक्यापाशी उभा राहा आणि राज्याला कळव," त्याला सांगितलं आणि वर्नला माझ्या गाडीत बसवलं.