हाकलायची कॉफी

हेगच्या न्यायालयातून साक्ष नोंदवायला आलेल्या कारिनाबाईंना लवकर वाटेला लावायचं, हे झुम्राआजींनी सकाळीच ठरवलं होतं. बाई फिनलंडच्या, गोड बोलणाऱ्या, म्हणूनच जास्त धोक्याच्या. युद्धात शाळेमागे माणसांना गोळ्या घालायचा हुकूम कोणी दिला, हे डोळ्यांनी बघितलेलं एकच माणूस जिवंत होतं, ते म्हणजे आजी. पण तोंड उघडलं की आपल्या मुलाचं, शेफिकचंही सांगावं लागणार. आणि शेफिकची बायको मेव्लिदा शेजारीच स्वयंपाकघरात होती. नवऱ्याला बसमधून कुठेतरी नेलं, असं आजींनीच तिला सांगितलं होतं. ती बिचारी अजून वाट बघत होती.

बोस्नियात पाहुण्याला कोणी 'निघा' म्हणत नाही. पहिली कॉफी स्वागताची, दुसरी गप्पांची, तिसरी हाकलायची. ती समोर आली की शहाणा माणूस टोपी उचलतो. आजींनी पहिल्या दोन घाईघाईत उरकल्या आणि तिसरी पुढे केली.

बाई मिटक्या मारत प्यायल्या. "ही सगळ्यात छान! अजून मिळेल?"

दुभाषी एमिराने मान खाली घालून ते बोस्नियनमध्ये सांगितलं. तिला सगळं कळत होतं, पण तिला पगार शब्दांचा मिळायचा, कॉफीचा नाही.

"बाई आहे की गोचीड!" आजी पुटपुटल्या. "हे नको सांगूस गं! माझ्या सासूने या कॉफीवर सख्खा जावई पळवून लावला होता."

आतून खुदकन हसू आलं. मेव्लिदा चौथी कॉफी घेऊनच बाहेर आली आणि सासूला खेटून बसली.

"आई, चौथीला आपल्याकडे नावच नाही. आता काय करणार? सांगून टाका."

"तू आत जा आधी."

"नाही जात. शेफिकला बसमध्ये कोणी बसवलंच नव्हतं. मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं."

आजींना आधी रागच आला. "मग रस्त्याकडे डोळे लावून कशाला बसायचीस, भवाने?"

"मला सांभाळायचं म्हणून तुम्ही तग धरून होतात, आई. तेवढंही काढून घेऊ?"

एमिरा अनुवाद करायचं विसरली. कारिनाबाईंनीही विचारलं नाही. आजींना भडभडून आलं. सुनेचा हात घट्ट धरून त्या बराच वेळ रडल्या.

"लिहा," मग त्या म्हणाल्या. "माझा मुलगा शेफिक. त्याला शाळेमागे मारलं. कोणाच्या हुकमावरून, ते सांगते."