उजव्या काखेतला थर्मास

आमच्या वर्तमानपत्राच्या संग्रहात एक लाख ऐंशी हजार फोटो आहेत. बातमीदारी सुटल्यावर ते माझ्याकडे सोपवले. नव्या यंत्राला एक वाक्य लिहून दिलं की ते फोटोत काय दिसतं त्यावरून शोधतं. फोटोखालच्या ओळींची गरज नसते.

नीबिया लारोसा मार्चमधल्या एका मंगळवारी आल्या. वय एकोणऐंशी. एकट्या राहतात. चाळीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात होत्या. भाऊ मिल्तन बंदरात हमाल होता, १९७४ मध्ये वारला. घरातले फोटो ओल लागून एकमेकांना चिकटले आणि त्यांची वीट झाली.

"बंदराचे फोटो भरपूर आहेत. दिसायला कसा होता?" मी विचारलं.

"तेच तर आठवत नाही, पोरा." मी एकसष्टचा आहे. "आवाज आठवतो. चेहरा गेल्या हिवाळ्यापासून येईनासा झालाय. पण तो डावखुरा होता. थर्मास उजव्या काखेत धरायचा."

मोन्तेविदेओत एवढी खूण पुरते. इथे सगळेच थर्मास डाव्या काखेत मारतात, माते म्हणजे नळीने ओढायचा कडवट पाल्याचा चहा, त्याचा तुंबा डाव्या हातात धरतात. गरम पाणी ओतायला उजवा हात मोकळा.

मी लिहिलं: बंदरातला माणूस, उजव्या काखेत थर्मास. यंत्राने अकराशे चाळीस माणसं काढली. त्याला डावं-उजवं कळत नव्हतं. काहींच्या काखेत छत्री होती, एकाच्या काखेत तान्हं बाळ.

"याचा थर्मास गळत असणार," नीबियाबाई म्हणाल्या.

मग डोळ्यांनीच चाळायचं ठरलं. दर मंगळवारी दोनशे माणसं. डाव्या काखेतला दिसला की बाजूला. मी थर्मास भरून आणायचो, माते करायचो, तुंबा आमच्या दोघांत फिरायचा. घरी एकटीने पिताना चव लागत नाही, असं त्या एकदा म्हणाल्या. त्या येण्याआधी माझ्या टेबलावरही तुंबा कधी फिरला नव्हता.

पाचव्या मंगळवारी क्रेनखाली उभा असलेला एक माणूस निघाला. थर्मास उजव्या काखेत. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हाच. भुवया बघ. आमच्या आईच्या."

मागच्या गोदामाच्या भिंतीवर अक्षरं होती. ती उलटी होती. स्कॅन करताना कुणीतरी निगेटिव्ह पालथी ठेवली होती. मला गप्प बसता आलं असतं. मी फोटो फिरवला. अक्षरं सरळ झाली आणि थर्मास डाव्या काखेत गेला.

त्या पडद्याकडे झुकल्या. "भुवया त्याच आहेत," म्हणाल्या. "पण माणूस दुसऱ्या कुणाचातरी."

कोट चढवून दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. "असे पालथे किती असतील?"

"शेकडो."

"मग मिल्तनही पालथा पडला असेल, तर तो डाव्या काखवाल्यांत गेला. आपणच त्याला बाजूला केलं."

"प्रत्येकामागे अक्षरं नसतात, नीबियाबाई. ओळखायचं कसं?"

"बटणपट्टी. पुरुषाच्या शर्टाची डावी पट्टी वर येते. चाळीस वर्षं तेच शिवलंय. तू बस चेहरे बघत."

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आणखी तीन मंगळवार गेले. मग पोत्यांवर बसलेला एकजण सापडला: थर्मास डाव्या काखेत, शर्टाची उजवी पट्टी वर. फोटो फिरवला. थर्मास उजवीकडे आला. पण तो माणूस तुंब्याच्या नळीला तोंड लावून वाकला होता. टोपीखाली एक कान आणि थोडी हनुवटी, एवढंच दिसत होतं.

"तळाशी खरखर वाजेपर्यंत ओढायचा," त्या म्हणाल्या. "हाक मारली तरी मान वर करायचा नाही."

"चेहरा दिसत नाही."

"नाही."

"छापू?"

"छाप."

मागच्या बाजूला मी पेन्सिलीने लिहिलं: बंदर, १९७१. खात्री नसलेलं नाव मी लिहीत नाही. त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि नाव स्वतः लिहिलं.

पुढच्या मंगळवारी मी थर्मास नेहमीएवढाच, दोघांपुरता भरून नेला. अर्धा उरला.