काविळीची माळ

माझे सासरे चंपतराव वादात पुरावा शोधत नाहीत. ते स्वतःच पुरावा असतात. मागच्या वर्षी त्यांना कावीळ झाली, रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. रामटेककडच्या वैद्यानं औषधी मुळ्यांची माळ डोक्यावर ठेवली. ती सैल होत गळ्यात आली, मग पोटावर, मग पायांतून उतरली. कावीळही गेली. पुन्हा तपासलं तर रक्त स्वच्छ.

तेव्हा घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. तोच विषाणू माझ्या सासूबाई पंचफुलाबाई आणि माझा नवरा आयुष यांच्यात निघाला. दोघं धडधाकट. नागपूरच्या डॉक्टर उत्तरांनी समजावलं, "मोठेपणी लागण झाली तर बहुतेकांचं शरीर विषाणूला हुसकावून लावतं. जन्मताना आईकडून आला, तर तान्ह्या जिवाला तो परका वाटतच नाही. तो मुक्काम ठोकतो. आईंवर सध्या फक्त लक्ष ठेवू. आयुषच्या यकृताला मात्र सूज आहे. गोळी रोज घ्यायची, मनानं बंद करायची नाही."

त्या दिवसापासून सासूबाई लेकाकडे सरळ बघेनात.

गोळ्या सुरू झाल्या आणि सासऱ्यांचं पालुपदही. "मले पाह्य ना गा. रोग तोच, मंग दवाई अलग काहून? जवान माणूस, म्हाताऱ्यावानी गोळ्या खाऊन राहिला."

"बाबा, रोग एक असला तरी अंग एक नाही," मी म्हणायची. पालथ्या घड्यावर पाणी. आयुषला तर लहानपणापासून बापासारखंच व्हायचं होतं. त्यानं मला न सांगता गोळ्या सोडल्या.

दिवाळीनंतर त्याचे डोळे पिवळे झाले. मला राग आला तो याचा, की सासऱ्यांना हायसं वाटलं. आता कावीळ दिसत होती, म्हणजे आता माळ चालणार. मी दवाखान्यासाठी भांडले. बापलेक वैद्याकडे गेले. माळ गळ्यात उतरली त्या दिवशी सासऱ्यांनी मौद्याच्या आमच्या गल्लीत पेढे वाटले. मी पेढा तसाच ठेवून दिला.

माळ पोटावर आली आणि अडली. पोटात पाणी भरलं होतं, ते फुगत चाललं होतं. मग आयुष असंबद्ध बोलायला लागला, तेव्हा कुठे गाडी नागपूरला निघाली.

डॉक्टर उत्तरा रागावल्या नाहीत, त्यानंच मला भीती वाटली. यकृत बदलणं हाच उपाय, पण तोवर त्याचं शरीर तग धरेलसं वाटत नाही, एवढंच त्या म्हणाल्या. नर्स माळ कापायला कात्री घेऊन आली.

"तोडू नका बाई," सासरे हात जोडून म्हणाले. "थोडीच उतराची राहिली."

सासूबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. आयुषनं डोळे उघडले. घटकाभर तो शुद्धीवर होता. बापाचा चेहरा त्यानं पाहिला आणि पोटावरून हात फिरवला.

"बाबा," तो म्हणाला, "उतरून राहिली."

सासऱ्यांनी मान डोलावली. मी पाहिलं, माळ त्याच्या कातडीत रुतली होती.